एक आगाऊ वाक्य

मुलगी आठवीत होती तेव्हाची गोष्ट. मराठीच्या बाईंनी ‘नदीचे मनोगत’ हा निबंध दिलेला. वही दुसऱ्या दिवशी दाखवायची होती आणि रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते.

“पप्पा, तुम्ही कॉलेजात कविता करायचे ना? मग सांगा ना पटापट.”

मी खुर्ची ओढली, घसा खाकरला आणि सुरू झालो. ‘मी गोदावरी बोलतेय. ब्रह्मगिरीच्या कुशीत माझा जन्म झाला. प्रभू रामचंद्रांच्या पदस्पर्शाने माझे तीर पावन झाले…’ चार ओळी झाल्या आणि पाहतो तर तिचं पेन थांबलेलं. तिनं दप्तरातून गाईड काढलं, पान शोधलं आणि माझ्यासमोर धरलं. ब्रह्मगिरीची कूस, पदस्पर्श, पावन तीर, सगळं त्याच क्रमानं छापलेलं होतं. गाईडमध्ये शेवटी प्रदूषणाचा एक परिच्छेद तेवढा जास्त होता.

ती हसली आणि विसरूनही गेली. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. माझा जन्म पंचवटीतला. पोहायला शिकलो ते गांधी तलावात, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पावसानं जोर धरला की घरात पहिला प्रश्न यायचा, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं पाणी? गुडघ्यापर्यंत म्हणजे काळजी नाही. छातीपर्यंत म्हणजे सराफ बाजारातल्या लोकांनी माल वर चढवायला घ्यायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर मारुती पाण्याखालीच गेला होता. एवढी नदी डोळ्यांत साठवलेल्या माणसाला तिच्याबद्दल बोल म्हटल्यावर बाहेर काय पडलं, तर गाईड.

मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांना लागणारे बुश, पिना असे छोटे जॉब, म्हणजे सुटे भाग, आमच्याकडे बनतात. बावीस वर्षांत मी लिहिलं भरपूर, पण ते असं : ‘बोअर ओव्हरसाइज. रिजेक्ट.’ ‘बर (कापताना कडेला उरलेली धातूची बारीक धार) आहे. रीवर्क.’ कविता कधी सुटली तेही आठवत नाही. सोडली असं म्हणण्याइतकीही ती धरलेली नव्हती.

त्या शनिवारी (आमची सुट्टी शनिवारची) एम. जी. रोडवरून दोनशे पानी वही आणली. नियम एकच ठरवला. पहाटे पाच वीस ते पाच चाळीस लिहायचं. सातची शिफ्ट असते, सिडकोतून सव्वासहाला निघावं लागतं, त्यामुळे दिवसातले तेवढेच वीस मिनिटं माझ्या मालकीचे होते. विषय ठरवायचा नाही, पेन थांबवायचं नाही. सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ असं लिहीत राहायचं.

पहिल्या पंधरा दिवसांतलं कुणाला दाखवण्यासारखं काही नव्हतं आणि लाज वाटावी इतकंही त्यात काही खास नव्हतं. झोप येतेय. नळाला पाणी आलं वाटतं. सुपरवायझर परवा सगळ्यांसमोर असं बोलायला नको होता. गॅस संपत आलाय. सुपरवायझरवर तर मी एकूण नऊ पानं खर्च केली आहेत, आज वाचताना त्याची दया येते. ही कुंथाकुंथी लिहून टाकल्यावर दिवस जरा हलका जायचा, एवढा एक फायदा. पण मला जे हवं होतं, म्हणजे स्वतःचं एखादं वाक्य, ते कुठे दिसेना.

अडत कुठे होतं ते कळायला महिना गेला. आमच्याकडे भोक तपासायला प्लग गेज असतं. त्याला दोन टोकं. ‘गो’ची बाजू भोकात गेली पाहिजे, ‘नो-गो’ची जाता कामा नये. दोन सेकंदांत निकाल. दिवसातून शेकडो वेळा हा निकाल देणाऱ्या हातात पेन दिलं की तो पेनाचंही गेज करतो. वाक्य कागदावर उतरायच्या आतच मी त्याला नो-गो लावत होतो. एका सकाळी वीस मिनिटांत चार शब्द लिहिले आणि चारही खोडले. त्याच दिवशी शिफ्टमध्ये एक नवा पोरगा लेथ फिरत असतानाच जॉबचं माप घ्यायला व्हर्नियर पुढे करत होता. मी ओरडलो, “अरे, आधी जॉब पूर्ण होऊ दे, मशीन बंद कर, मग माप!” पोरगा दचकला. मीही दचकलो, कारण बसमध्ये घरापर्यंत तेच वाक्य कानात वाजत होतं.

मग लिहिणं आणि तपासणं हे दोन शिफ्टमध्ये वाटून टाकलं. रोज सकाळी फक्त लिहायचं. कालचं पान वाचायचं नाही. मोह नको म्हणून जुनी पानं क्लिपनं बंद करून ठेवायची. शनिवारी दुपारी क्लिप काढायची, लाल पेन घ्यायचं आणि मग इन्स्पेक्टरला बोलवायचं. आठवड्याची सात-आठ पानं वाचून त्यातलं एखादं वाक्य जिवंत वाटलं तर त्याखाली रेघ मारायची. बाकीच्यांना शिव्या द्यायच्या नाहीत. सुरुवातीला आठवड्याला एकही रेघ पडायची नाही. कारखान्यात एवढं रिजेक्शन आलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

ऑगस्टमध्ये आईला डेंग्यू झाला. नऊ दिवस दवाखाना, डबे, प्लेटलेट्सचे आकडे. वही उघडलीच नाही. आई घरी आली आणि मला वाटलं, संपलं, झाला तेवढा नेम झाला. आपल्याकडे नेम मोडला की तो पहिल्यापासून धरायचा अशी समजूतच असते ना. सोळा सोमवारांतला एक चुकला की पुन्हा एकपासून. नेमकं तेव्हाच लंडनमधल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितली होती. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असा त्यांचा हिशेब निघाला. त्यांचा निबंध २०१० चा. पण माणसामाणसांतला फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत! एवढा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दिलेलं ड्रॉइंग माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते हसत परत पाठवलं असतं. त्यात माझ्या कामाची गोष्ट वेगळीच होती. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झालेला दिसला नाही. माझे नऊ चुकले होते, म्हणजे मी ते जरा ताणूनच घेतलं. पण दहाव्या दिवशी वही उघडली, तारीख टाकली आणि पुढे लिहायला लागलो.

त्या दिवसांत एकदा टाकळीला मुद्दाम जाऊन आलो. समर्थ रामदासांनी तिथे बारा वर्षं तप केलं, पहाटेपासून नंदिनी आणि गोदावरीच्या संगमात उभं राहून जप केला, हे नाशिकच्या पोराला बालवाडीपासून माहीत असतं. आजच्या नंदिनीच्या, म्हणजे आमच्या नासर्डीच्या, पाण्यात पाय बुडवायची हिंमत होत नाही ते सोडा. मी तिथे बसून विचार करत होतो तो वेगळाच. कीर्तनात पहिला दिवस सांगतात आणि तेरा कोटी जप पूर्ण झाल्याचा दिवस सांगतात. चौथ्या वर्षातल्या एखाद्या मंगळवारी, थंडीत, काही केल्या मन लागत नसताना काय झालं असेल, ते कोणी सांगत नाही. मला त्या मंगळवाराची फार उत्सुकता होती.

पुढे काही खेळ सुरू केले, कारण नुसतं ‘सुचत नाही’ लिहून हाताला वळण लागतं, डोक्याला नाही. १९५० साली जे. पी. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या आपल्या व्यवसायबंधूंना अध्यक्षीय भाषणात सुनावलं होतं की सर्जनशीलतेकडे तुम्ही फारसं लक्षच दिलेलं नाही. एकच बरोबर उत्तर शोधणारा विचार वेगळा आणि एका प्रश्नाची पुष्कळ उत्तरं काढत जाणारा विचार वेगळा, असं त्यांचं सांगणं. त्यातूनच साध्या वस्तूचे किती उपयोग सुचतात हे पाहणारी चाचणी रूढ झाली. विटेचे उपयोग सांगा, वगैरे. माझी बावीस वर्षं पहिल्या प्रकारात गेलेली. मी वीट सोडून आमचा रिजेक्ट झालेला बुश घेतला. बोटाच्या पेराएवढी पोकळ लोखंडी नळी.

पहिले सहा-सात उपयोग कुणालाही सुचतील असे होते. पेपरवेट, पडद्याच्या दोरीला वजन, खिळे ठोकायला. दहाव्याच्या आसपास मी अडलो. पेन थांबवायचं नाही हा नियम नसता तर तिथेच उठलो असतो. अकरावा होता, मुंग्यांचा बसस्टॉप. तेरावा, मुलीचे दुधाचे दात ठेवायची डबी. सतरावा लिहिताना हात एकदम जड झाला. ‘नानांच्या काठीच्या झिजलेल्या टोकाला बसवायला.’ नाना म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. काठीचं टोक झिजून तिरकं झालंय, फरशीवर घसरते, असं ते दोन-तीनदा म्हणाले होते. आणि आमच्या कारखान्यात त्या मापाचे बुश रोज लाल ट्रेमध्ये पडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन तिथूनच सुरू झालं. काठी, मग नानांची पावलं, मग रामकुंड. अस्थी सोडल्या ती सकाळ मी त्याआधी कधी आठवलीच नव्हती, निदान शब्दांत तरी नाही. विधी झाल्यावर उपाध्ये आम्हाला त्यांच्या वाड्यात घेऊन गेले. नाशिकच्या आणि त्र्यंबकच्या उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात, बाहेरच्या लोकांना याचं फार नवल वाटतं. गाव सांगायचं, आडनाव सांगायचं, की ते नेमकी वही काढतात आणि तुमच्या खापरपणज्याचं नाव वाचून दाखवतात. तीर्थाला जो कोणी आला त्यानं स्वतःच्या हातानं नोंद करून जायची, ही रीत. आमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यातलं. गुरुजींनी पिवळी पडलेली पानं उलटली आणि आजोबांच्या नोंदीवर बोट ठेवलं. शके १८८०, श्रावण. म्हणजे १९५८. ते त्यांच्या आईच्या अस्थी घेऊन आले होते. त्याखाली नानांची नोंद, आजोबा गेले तेव्हाची. नाव, गाव, तारीख, आणि पुढे ‘प्रेस, नाशिक रोड’. ते नोटा छापायच्या प्रेसमध्ये होते आणि त्यांना त्याचा फार अभिमान. मग गुरुजींनी पेन माझ्या हातात दिलं. मी काय लिहिलं ते मला लख्ख आठवत होतं. नाव, गाव, तारीख, ‘वडिलांच्या अस्थिविसर्जनासाठी’, मोबाईल नंबर.

हे सगळं लिहिता लिहिता वहीत एक ओळ आली. आजोबांच्या नोंदीत नाव-गावाच्या पुढे असं काहीतरी होतं : ‘पाऊस फार आहे. बैल पुलापलीकडे सोडले.’

पाच चाळीस कधीच होऊन गेले होते. हिनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. त्या दिवशी मी बारा मिनिटं उशिरा पंच केलं. आजोबा चौथी शिकलेले. नामावळीत नाव, गाव, कारण एवढंच लिहायचं असतं आणि त्यांनी बैलांचं लिहिलं. कशाला? कोण वाचणार होतं? आई गेलेली, वरून धोधो पाऊस, नदी भरलेली, आणि या माणसाचं अर्धं चित्त पलीकडच्या काठावर बांधलेल्या दोन जनावरांत. ते वाक्य तिथे आगाऊच होतं, त्याची गरज नव्हती. आणि पासष्ट वर्षांनी मला आजोबा दिसले ते त्या वाक्यात. माझ्या नोंदीतून माझ्या पणतवाला काय दिसेल? बंद पडलेला एक नंबर.

तेव्हापासून माझा सकाळचा नियम बदलला. एका पानात एक तरी आगाऊ वाक्य पाहिजे. त्या जागी ज्याची काहीही गरज नाही, पण जे त्या वेळी खरंच तिथे होतं, असं. शनिवारी सकाळी घाटावर जायचं, वीस मिनिटं बसायचं आणि पवित्र, प्राचीन, भाविक, संथ हे शब्द न वापरता लिहायचं. हे चार शब्द काढून घेतल्यावर पहिले तीन शनिवार माझ्याकडे काही उरलंच नाही. चौथ्या शनिवारी दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारा पोरगा दिसला. तो लहानपणापासून तिथेच होता, म्हणजे तो नव्हे, त्याच्यासारखा कोणीतरी. चुंबकाला चिकटलेलं नाणं तो आधी तोंडात टाकायचा, मग दुसरं शोधायचा. गाल फुगलेला. हे गाईडमध्ये नाही.

याचा कारखान्यात उपयोग होईल असं मनात नव्हतं, पण झाला. एका बुशवर सारखे बारीक ठोके, म्हणजे पोचे, येत होते आणि आम्ही महिनाभर मशीनमध्ये दोष शोधत होतो. एका सकाळी विषय सुचेना म्हणून त्या जॉबचा प्रवासच लिहायला घेतला, वास आणि आवाजांसकट. कूलंटचा वास, चकमधून सुटताना होणारा टिक, ट्रेमध्ये पडल्याचा आवाज, मग ट्रॉली, आणि वॉशिंगच्या अलीकडे फरशीच्या जोडावरून ट्रॉली जाताना होणारा खणखणाट. तो खणखणाट मी वर्षानुवर्षं ऐकत होतो. कागदावर लिहिल्यावर पहिल्यांदा ऐकला. ट्रेमध्ये खण पाडून घेतले, ठोके जवळपास थांबले. सुपरवायझरनं पाठ थोपटली. त्याची नऊ पानं मी अजून फाडलेली नाहीत.

चालण्याचंही थोडं सांगतो. २०१४ साली स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी दाखवलं की चालताना माणसाला नव्या कल्पना बसल्यापेक्षा बऱ्याच जास्त सुचतात, आणि समोर कोरी भिंत असलेल्या ट्रेडमिलवरही सुचतात. म्हणून मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जायला लागलो. सुचतं, खरंच सुचतं. पण निम्मं घरी पोचेपर्यंत विसरतं, आणि थांबून मोबाईलवर टिपायला लागलं की मागचे काका धडकतात.

आजोबांच्या बैलांवर मी चार पानं लिहिली होती. दिवाळीत ताईला वाचून दाखवली. ताई दिंडोरीकडे दिलेली, घरची द्राक्षबाग. छाटणी होऊन गेलेली, फुटवे निघालेले, तिचं अर्धं लक्ष मजुरांच्या फोनकडे. सगळं ऐकून म्हणाली, “चांगलंय रे भाऊ. पण दाटी झालीय.”

“म्हणजे?”

“घडात मणी दाटले की फुगत नाहीत. विरळणी कर.”

बागेत विरळणीला बायका कात्री घेऊन बसतात, चांगले हिरवेगार मणी कापून खाली टाकतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हळहळ वाटते. मी चार पानांची दीड केली. काढलेल्यात माझी सगळ्यात आवडती तीन वाक्यं होती, आणि त्या तिन्हींत आजोबांपेक्षा मीच जास्त होतो.

मग ताईनंच विचारलं, “पण ते बैलांचं खरंच लिहिलेलं आहे, का तुझ्या मनातलं?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ओझरतं पाहिलेलं. हातानं सकाळच्या झोपेत रचलेलंही असू शकतं.

म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही दोघं उपाध्यांच्या वाड्यात गेलो. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं. “कार्य काय आहे?”

“कार्य काही नाही गुरुजी. वाचायला आलोय.”

“वाचायला?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पण वही काढली.

अक्षर मोठं, बोरूनं लिहिल्यासारखं ठसठशीत. ‘पाऊस फार. बैल पुलापलीकडे ठेविले.’ आणि त्यापुढे, जे मला अजिबात आठवत नव्हतं, ते आणखी एक वाक्य : ‘पांढरा लंगडतो.’

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं त्या ओळीवरून हलकेच बोट फिरवलं. गुरुजी म्हणाले, “पानाला हात नका लावू ताई,” आणि नवीन वही पुढे सरकवली. “आलात तर नोंद करून जा. वाचायला आलो, असं लिहा.”

मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, तारीख लिहिली. ‘आजोबांची नोंद वाचण्यासाठी बहिणीसह.’ पेन तसंच धरून थोडा वेळ बसलो. बाहेर भांडी बाजाराकडून कोणीतरी पातेलं ठोकत होतं. मग खाली लिहिलं, ‘थंडी आहे. येताना घाटावर ताईच्या चपलेचा अंगठा तुटला, ती अनवाणी आहे.’

गुरुजींनी वही आपल्याकडे वळवली, चष्मा सारखा करून ओळीवरून बोट नेत वाचलं आणि म्हणाले, “मोबाईल नंबर राहिला.”